गारव्याचा गलबला

गेल्या मे महिन्यातील एका रात्री, दीड-पावणेदोनच्या सुमारास, आमच्या इमारतीचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला आणि पाचच मिनिटांत निम्मीअधिक बिऱ्हाडे गॅलरीत येऊन उभी राहिली. उकाड्याने जाग आली असे प्रत्येकाचे म्हणणे होते. परंतु ते खरे नव्हे. दारे-खिडक्या लावून तीन-चार तास गार केलेली खोली पाच मिनिटांत तापत नाही. आम्हाला जाग आली ती शांततेने. अठरा बिऱ्हाडांची वीस-बावीस यंत्रे, जी संध्याकाळपासून अखंड घुमत होती आणि ज्यांच्या घुमण्याविरुद्ध याच गॅलऱ्यांतून दर उन्हाळ्यात कुरकुर चालत आली होती, ती एका क्षणात मुकी झाली, आणि तो अनोळखी मुकेपणा कानांना सोसवेना. शेजारचे गृहस्थ अंधारातूनच मला म्हणाले, "काय हो, कसं भयाण वाटतंय!" त्यांनीच फेब्रुवारीत आमच्या यंत्राच्या आवाजाबद्दल सोसायटीकडे लेखी अर्ज दिला होता.

त्या रात्री पुन्हा झोप लागली नाही, आणि जागेपणी जो विचार मनात घोळत राहिला तो असा, की माणसाने गारवा कसा मिळवला याची हकीकत सांगताना आपण यंत्राच्या शक्तीविषयी बोलतो, किमतीविषयी बोलतो, हल्ली विजेच्या बिलाविषयी तर फारच बोलतो. परंतु त्या गारव्याला आवाज कोणता होता आणि तो कोणाच्या वाट्याला येत असे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्याकडचा जुना घरगुती गारवा मुका होता. वाड्याच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, मधला चौक, त्याभोवतीची पडवी, आणि या सर्वांच्या पोटात दडलेले ते माजघर, जेथे भर दुपारीसुद्धा तांदूळ निवडायला दिवा लागे, ही सारी व्यवस्था आपले काम तोंडातून अक्षर न काढता करी. सारवलेल्या जमिनीवर पाणी शिंपडले, माठात वाळ्याची जुडी सोडली आणि हाती विंझणा घेतला, की उन्हाळ्याचा बंदोबस्त पुरा झाला. अक्षय्य तृतीयेला उदकुंभाबरोबर विंझणा, छत्री आणि पादत्राणे दान देण्याची जी चाल आहे, ती पाडणाऱ्यांना पुण्याइतकीच वैशाखातल्या दुपारची माहिती असली पाहिजे. राजदरबारी मोर्चेले आणि चवऱ्या ढळत. त्या वाऱ्यासाठी कमी आणि ऐश्वर्यासाठी अधिक, पण त्याही निःशब्द. अकबर बादशहाच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या योगाने पाणी गार करीत, असे अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त नमूद करून ठेवले आहे. तोफेत घातला तर कानठळ्या बसवणारा तोच सोरा सुरईभोवती मात्र मुकाट्याने थंडावा देई.

जेथे द्रव्य आणि पाणी या दोहोंची मुबलकता होती, तेथे गारव्याला पहिल्यांदा वाचा फुटली, आणि ती पाण्याची. जुन्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी जी पाणचक्की आहे, तिचे पाणी दूरच्या झऱ्यावरून मातीच्या नळांनी आणलेले असून ते उंचावरून हौदात कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकिरांसाठी धान्य दळले जाई, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हौदाचा तळ हेच ज्याचे छत आहे असे एक मोठे दालन खाली आहे, आणि उन्हाळ्यात यात्रेकरू तेथे विसाव्याला टेकत, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. माथ्यावर पाणी आणि कानावर त्याची अखंड धार! तिच्या आवाजाची कोणी फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही. शनिवारवाड्यातील हजारी कारंजाचीही नसावी. पडत्या पाण्याचा आवाज माणूस आवाजात धरीतच नाही, हा आपल्या कानांचा पक्षपात आहे.

फिर्याद सुरू झाली ती पंख्यापासून, आणि तीही उलट्या दिशेने.

पंखा म्हणजे येथे छताला टांगलेला झालरीचा पंखा अभिप्रेत आहे, जो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या इंग्रजी घरांत रूढ झाला आणि तेथून कंपनीच्या राज्याबरोबर छावण्या, कचेऱ्या, चर्चे आणि न्यायासने यांच्या माथ्यावर पसरला. एक लांबोळकी लाकडी चौकट, तिला खाली कापडाची झालर, मध्यभागी बांधलेली दोरी. ती दोरी भिंतीतल्या भोकातून रुळावरून बाहेर ओसरीवर काढलेली, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला एक मनुष्य बसलेला किंवा आडवा झालेला, कधी हाताने तर कधी पायाच्या अंगठ्याने ती ओढीत असलेला. हा मनुष्य उन्हाळ्यापुरता तैनात होई. बारमाही नोकरांच्या यादीत त्याचे नाव नसे. पाऊस लागला की त्याला रजा मिळे, आणि दफ्तरात त्याची जी काय नोंद उरे ती पेन्सिली, शाई आणि पाण्याचे माठ यांच्या शेजारी, किरकोळ खर्चाच्या सदरात.

आता या पंख्याच्या आवाजाचा विचार करावा. छताच्या कड्यांत एक करकर, भिंतीतल्या रुळावर दुसरी, आणि झालरीचा हेलकावा परततानाची एक मऊ फटफट, अशा तीन स्वरांचे ते रडगाणे रात्रभर चाले, आणि त्याखाली साहेब गाढ झोपत असे. तेल घालून ते थांबवता आले असते, आणि अधूनमधून घालीतही असतील. परंतु त्या करकरीचा उपयोग होता. करकर चालू आहे याचा अर्थ बाहेरचा मनुष्य जागा आहे. ती थांबली की पाठोपाठ वारा थांबे, आणि आतला मनुष्य घामाने डबडबून जागा होई. म्हणजे त्या काळी तक्रार आवाजाची नव्हती, तक्रार शांततेची होती; आणि ती अर्जाने होत नसे, बुटाने होत असे. डुलकी लागलेल्या पंखेवाल्याला बसलेली लाथ कधीकधी त्याचा प्राण घेई, आणि मग खटल्यात आरोपीच्या मदतीला मयताची पाणथरी धावून येई: हिवतापाने ती मुळातच वाढलेली होती, एवढ्याशा धक्क्यानेही फुटली असती, अशी डॉक्टरची साक्ष होई आणि प्रकरण दंडावर किंवा थोड्याशा कैदेवर मिटे. यांतले सर्वांत गाजलेले प्रकरण आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलाचे. त्यात मेला तो पंखेवाला नव्हता, मोतद्दार होता. गोऱ्या मॅजिस्ट्रेटने तीस रुपये दंडावर फुलरची बोळवण केली, आणि 1876 साली व्हाइसरॉय लिटनने त्या निकालाबद्दल उघड नापसंती दर्शवताच येथला इंग्रज समाज मृताबद्दल नव्हे, तर व्हाइसरॉयच्या या आगाऊपणाबद्दल खवळून उठला. पंख्याखालची झोप किती मोलाची मानली जाई, हे समजून घ्यायला ओसरीवरच्या माणसाची किंमत किती धरली जाई, हे आधी पाहावे लागते.

मुंबई इलाख्यापुरते सांगायचे तर येथल्या हुजुरांना पंख्याहून सोपा एक उपाय साधला होता. गारवा कचेरीत आणण्यापेक्षा कचेरीच गारव्याकडे न्यावी, या तत्त्वाने गव्हर्नराचा लवाजमा, कारकून आणि दफ्तरे यांच्यासह, उन्हाळा लागताच महाबळेश्वरी चढे आणि पावसाळ्यात पुण्यास उतरे. सबंध सरकार घाट चढून जाते हा खर्चाचा मामला होता खरा, पण तेथे पंख्याची करकर नव्हती.

ज्यांना महाबळेश्वर नव्हते अशा वऱ्हाड-नागपूर, खानदेश या मुलखांत दुसरी परंपरा वाढली. तेथली हवा कोरडी. ओल्या वस्तूवरून वारा गेला की तो खरोखरच गार होतो, हे मुंबईच्या दमट हवेत राहणाराला पटवून द्यावे लागते. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावाव्यात, भिस्त्याने त्यांवर पखालीतून पाणी मारीत राहावे, आणि बाहेरची झळ आत येईतो सुगंधी झुळूक व्हावी. हा गारवाही जवळजवळ मुकाच, ताटीवरून ठिबकणाऱ्या थेंबांपुरता बोलका. अडचण एकच होती, की वारा पडला म्हणजे ताटी निरुपयोगी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोणा कल्पक इंग्रजाच्या डोक्यातून 'थर्मँटिडोट' नावाचे एक धूड निघाले. अलाहाबादेस राहिलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने आपल्या प्रवासवर्णनात त्याची हकीकत दिली आहे. एक मोठी लाकडी पेटी खिडकीला भिडवायची, तिच्या बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवायच्या, वरून पाणी झिरपत ठेवायचे, आणि पोटात आसावर बसवलेली चार पाती बाहेरून दांडा फिरवून माणसांकडून गरगरवायची. गार वाऱ्याचा लोट खोलीत येई, आणि त्याबरोबर आसाचा खडखडाटही. पंखेवाला निदान बसून दोरी ओढी. येथे माणूस चक्कीला जुंपला गेला.

हे धूड इंग्रजांबरोबर गेले असे वाटत असेल तर मे महिन्यात नागपूरला एक रात्र काढावी. थर्मँटिडोटातला दांडा फिरवणारा माणूस काढून त्या जागी विजेची मोटर बसवली, लाकडी पेटीऐवजी पत्र्याची केली, भिस्त्याच्या जागी टाकीतला छोटा पंप आला, की झाला विदर्भातला कूलर. होळी झाली की तो माळ्यावरून उतरतो. जुने गवत काढून नवे वाळ्याचे किंवा लाकडाच्या धाग्यांचे गवत जाळीत भरले जाते, टाकीचा गंज खरवडून आतून डांबर फासले जाते, लोखंडी घोडी खिडकीबाहेर उभी राहते, आणि त्या दिवसापासून मृग लागेपर्यंत त्या घरातली सर्व माणसे एक पट्टी वर बोलू लागतात. नागपूरकडचा पाहुणा मुंबईला आला की पहिले दोन दिवस विनाकारण ओरडून बोलतो, असे आमच्या घरी म्हणत. त्यात अतिशयोक्ती असेल, पण पत्र्याच्या त्या पेटीसमोर बसून मी स्वतः चार उन्हाळे जेवलो आहे आणि वाढणाराला 'पुरे' हा शब्द हाताच्या खुणेनेच सांगितला आहे. कूलरच्या आवाजावर तिकडचा उपाय असा, की पंप चालू ठेवून पंखा मंद करावा. मग पाण्याचा आवाज वर येतो आणि पात्यांचा खाली जातो. पाणचक्कीखालच्या दालनात निजणाऱ्या यात्रेकरूचे आणि या कूलरवाल्याचे गोत्र एकच.

मुंबईला कूलरचा काही उपयोग नाही. तेथे आधी बर्फ आले. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 साली 'टस्कनी' जहाजातून गोठलेल्या तळ्यांचे 180 टन बर्फ भुशात बांधून कलकत्त्यास रवाना केले, आणि चार महिन्यांनी विषुववृत्त दोनदा ओलांडून त्यातले शंभरएक टन शाबूत पोहोचले. त्यानंतर थोड्याच अवधीत ते मुंबईतही आले. सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि पाहुण्यांना पडसे झाले, ही गोष्ट मुंबईकर अजून चवीने सांगतात. फोर्टात सेंट अँड्र्यूजच्या चर्चजवळ बर्फखाना उभा राहिला. हे बर्फ पेल्यात गेले, ज्वरग्रस्ताच्या कपाळावर गेले. खोली गार करण्याइतके स्वस्त ते कधीच झाले नाही. तरी त्याने एक वारसा मागे ठेवला, तो मापाचा. आपण 'दीड टनाचा एसी' म्हणतो तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे; दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी शोषण्याच्या शक्तीला एक टन म्हणतात. आमच्या मामांनी हे ऐकले नव्हते, म्हणून दीड टनाचे यंत्र खिडकीत बसवू नये, भिंत खचेल, अशी त्यांची अनेक वर्षे प्रामाणिक समजूत होती.

बर्फाने खोली गार करण्याचा एक प्रयोग मात्र मुंबईतून सुरू झाला, आणि तो चाकांवर. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला 1934 साली जो वातानुकूलित डबा जोडण्यात आला, त्याच्या फरशीखाली बंद पेट्यांतून बर्फाच्या लाद्या भरलेल्या असत. बॅटरीवर चालणारा पंखा त्यांवरून हवा आत ढकली, आणि वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर लाद्या बदलल्या जात. डब्यातले धनिक उतारू गार झोपेत असताना फलाटावर हमालांच्या खांद्यांवरून लाद्या येत, पेट्यांची झाकणे उघडत, बर्फ सरकत असे. खडखडाट काय तो डब्याखाली आणि फलाटावर.

यांत्रिक गारव्याचा जन्म माणसाच्या सुखासाठी झालाच नव्हता. 1902 साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी योजना आखली ती कागदासाठी, कारण दमट हवेत कागद फुगे आणि रंगांवर रंग बसत नसे. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द 1906 साली स्टुअर्ट क्रेमरने योजला तो कापडगिरण्यांसाठी, सूत तुटू नये म्हणून हवेतला ओलावा राखण्याच्या विद्येसाठी. कागदाला आणि सुताला कान नसतात. ज्या साचेखात्यात आपण काय बोलतो ते आपल्यालाच ऐकू येत नाही, तेथे आणखी एक यंत्र घुमले काय आणि न घुमले काय! माणसांसाठी ही कला प्रथम आली ती मोठ्या जागांत, आणि तेथे यंत्र तळघरात किंवा मागच्या अंगाला ठेवण्याची सोय होती. मुंबईत 1933 साली रीगल आणि 1938 साली मेट्रो ही चित्रगृहे उघडली, तेव्हा दुपारच्या खेळाला आलेल्या पुष्कळांना चित्रपटाशी काही कर्तव्य नव्हते, असे माझे वडील सांगत. गारवा सभागृहात आणि घरघर पलीकडे, ही ऐश्वर्याची खरी वाटणी होती.

तीच घरघर उशाशी आली ती खिडकीच्या यंत्राने. या यंत्राची कल्पना अमेरिकेत 1930 च्या दशकाच्या आरंभी निघाली, आणि तिच्यातली अडचण तिच्या सोयीतच दडलेली होती: कॉम्प्रेसर, दोन पंखे, मोटर, गार करणारी नळ्यांची वेटोळी आणि तापणारी वेटोळी, हे जे सर्व चित्रगृहात तळघरापासून गच्चीपर्यंत विखुरलेले असे, ते एका पेटीत कोंबून ती पेटी पलंगापासून चार हातांवर ठेवायची. आपल्याकडे मुंबईत 1943 साली मोहन अडवाणींनी जुनी शीतयंत्रे दुरुस्त करण्यापासून ब्लू स्टार सुरू केली आणि 1954 साली टाटा व फोल्कार्ट यांच्या भागीदारीतून व्होल्टास निघाली. तरी पुढली तीस-पस्तीस वर्षे हे यंत्र सरकारदरबारी चैनीची वस्तू गणले जाऊन जबर जकातीखाली दबलेले राहिले, आणि मध्यमवर्गाच्या घरात ते आले तर बहुधा दुसऱ्या हाताने आले.

आमच्या मामांकडे ते असेच आले. हिंदू कॉलनीतल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये, 1968 च्या एप्रिलात, मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानातून विकत घेतलेली ती राखी रंगाची पेटी चार हमालांनी दोन जिने चढवली. सुताराने खिडकीची एक झडप काढून सागवानी चौकट ठोकली. वायरमनने तिच्यासाठी वेगळी जाड तार ओढली. आणि कोपऱ्यात स्टॅबिलायझर नावाची दुसरी पेटी बसली, जी स्वतः काही गार करीत नसे, फक्त दाब कमी-जास्त झाला की 'टक्' म्हणे. पहिल्या रात्री शेजारपाजारचे पंचवीस लोक त्या खोलीत येऊन बसले, त्यामुळे खोली गार झाली नाही. पण आवाजाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तो आवाज त्या वेळी प्रतिष्ठेचा होता. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो ऐकू जाई, आणि ऐकू जावा अशी मामांची इच्छा असावी.

आठवड्याने मामी म्हणाल्या, "रात्रभर पिठाच्या गिरणीत निजल्यासारखं वाटतं." मग मिस्त्री आला. त्याची तपासणी मी शेजारी उभा राहून पाहिली आहे, आणि कोणा वैद्याची नाडीपरीक्षा मला तितकी विश्वसनीय वाटलेली नाही. यंत्र चालू ठेवून तो प्रथम नुसताच उभा राहिला. मग उजव्या हाताचा तळवा पुढल्या जाळीवर टेकवून दाबला, आवाज तसाच. वरच्या पत्र्यावर, तसाच. डाव्या बाजूला, चौकटीच्या कडेला दाबताच घरघरीतली एक कर्कश किनार एकदम गळून पडली आणि खाली नुसती घुंई उरली. "यंत्र नाही बोलत," तो म्हणाला, "चौकट बोलते." त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे पेटीच्या बुडाखाली सरकवले, पेटीचा मागचा भाग अर्धा बोट खाली कलता केला, जाळी काढून तिच्यातली लोकरीसारखी धूळ झटकली, आणि डाव्या फटीत काहीतरी जाडसर कोंबायला मागितले. हाताशी मागल्या वर्षाचे पंचांग होते. त्याची घडी तेथे इतकी चपखल बसली, की पुढे तो घरचा कुळाचार झाला: गुढीपाडव्याला नव्या पंचांगाची पूजा व्हायची आणि जुने यंत्राच्या फटीत जायचे.

तरी पावसाळ्यात नवा आवाज निघे. दमट हवेतले पाणी पेटीच्या तळाशी साचते, आणि मागच्या पंख्याच्या कडेला असलेले कडे ते उचलून तापलेल्या वेटोळ्यांवर उडवते, म्हणजे ती लवकर निवतात. ही युक्ती चांगली आहे, पण पाणी फार झाले की रात्रभर कोणीतरी घागरीत हात घालून छळछळ करीत बसल्यासारखे वाटते. याला मिस्त्रीपाशीही उत्तर नव्हते. त्या घराने मग यंत्रालाच आपल्या दिनक्रमात सामावून घेतले. नऊला लावायचे आणि अकराला, खोली गार झाली की, बंद करून छताचा पंखा मंद फिरवायचा. पाय यंत्राकडे आणि डोके दाराकडे करून निजायचे. आणि महत्त्वाचे बोलणे, मग ते मुलीच्या स्थळाचे असो की भावाच्या कर्जाचे, कॉम्प्रेसर थांबेपर्यंत राखून ठेवायचे. उष्णतामान नेमून दिलेल्या अंशावर उतरले की 'खट्' होऊन कॉम्प्रेसर थांबे, आणि पुढच्या पाच-सात मिनिटांत मामा-मामी दिवसभराचा संसार बोलून घेत. पुन्हा 'धड्' असा आवाज होऊन पेटी हादरली की दोघे गप्प.

वीस वर्षांनी त्यांच्या मुलाने ती पेटी काढून भिंतीवरचे निःशब्द यंत्र बसवले, तेव्हा मामांची झोप उडाली. आठ दिवस तळमळून अखेर त्यांनी अडगळीतला टेबलफॅन काढला, त्याचे तोंड भिंतीकडे केले आणि तो नुसता आवाजासाठी चालू ठेवला.

आवाजाचे हे प्रकरण कायद्याच्या कक्षेत तसे जुनेच. 1860 च्या दंडसंहितेत सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या 268 व्या कलमात होती, आणि अन्यथा तरतूद नसेल तेथे त्याची शिक्षा दोनशे रुपयांपर्यंत दंड. परंतु एका खिडकीचा उपद्रव 'सार्वजनिक' कसा ठरवायचा हा पेच कधी सुटला नाही. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांत मात्र एक तक्ता आला, जो मला कोणत्याही कादंबरीइतका वाचनीय वाटतो. 1993 च्या अखेरपर्यंत कारखानदारांनी गाठावयाची ध्वनिमर्यादा त्यात दिलेली असून, एक ते दीड टनाच्या खिडकीच्या यंत्राला 68 डेसिबल, कूलरला 60, आणि रेफ्रिजरेटरला 46 अशी तजवीज आहे. पुढे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात 45 डेसिबलची हद्द घालून दिली. एक आकडा यंत्राच्या अंगाशी मोजायचा आणि दुसरा मोहल्ल्याच्या हवेत, तेव्हा दोहोंची सरळ वजाबाकी करणे शास्त्रशुद्ध नाही हे मी जाणतो. पण डेसिबलच्या हिशोबात दर दहा अंशांना ध्वनीची शक्ती दसपट होते, हे लक्षात घेता, एकाच सरकारच्या दोन दफ्तरांतल्या या दोन आकड्यांमध्ये दोनशेपटींचे अंतर पडते, आणि ते अंतर भरून काढायला मधे केवळ एक भिंत आणि शेजाऱ्याची सहनशीलता एवढेच उरते.

ज्या निःशब्द यंत्राने मामांची झोप उडवली, त्याने वस्तुतः आवाज नाहीसा केला नाही; त्याची बदली केली. 1960 च्या दशकात जपानी कारखानदारांनी पेटीचे दोन भाग केले, त्याचे मर्म एवढेच, की गार वेटोळे आणि एक हलका पंखा आत राहिला, आणि कॉम्प्रेसर, मोठा पंखा, उष्णता व घरघर यांची रवानगी तांब्याच्या नळीवाटे भिंतीपलीकडे झाली. 1981 च्या सुमारास घरगुती यंत्रात 'इन्व्हर्टर' आला, तेव्हापासून कॉम्प्रेसर एकदम 'धड्' करून सुरू होण्याऐवजी हळूहळू वेग घेऊ लागला. ही सुधारणा खरी आणि स्वागतार्ह. परंतु जपानी घराभोवती थोडेतरी अंगण असते. आपल्या इमारतींत भिंतीपलीकडे असते ती दुसऱ्याची खिडकी. ज्याची पेटी त्याला ती ऐकू येत नाही, ज्याला ऐकू येते त्याची ती नाही. दंडसंहितेला न सुटलेला पेच आता सोसायटीच्या सेक्रेटरीने सोडवायचा.

आमच्या सोसायटीच्या कार्यालयात लाल कापडी बांधणीची एक तक्रारवही आहे. तिची मागली पाने चाळली तर पूर्वीच्या तक्रारी पाण्याच्या, पापडाच्या वाळवणाच्या, फार तर गणपतीतल्या कर्ण्याच्या आढळतात. गेल्या पंधरा वर्षांत मात्र निम्मी पाने बाहेरच्या पेट्यांनी व्यापली आहेत. भाषा अजून अर्जाची आहे. 'सेवेशी' म्हणून आरंभ, मग तिसऱ्या मजल्यावरील सभासदाच्या यंत्रामुळे अर्जदाराच्या वृद्ध मातोश्रींस निद्रानाश जडल्याचे निवेदन, आणि अखेर 'योग्य ती दाद मिळावी' ही विनंती. खाली समितीचा शेरा: कंसाखाली रबर बसवावे, सैल स्क्रू आवळावेत, पेटी दीड फूट डावीकडे घ्यावी. शेजारच्या गृहस्थांनी फेब्रुवारीत दिलेल्या अर्जावरही असाच शेरा आहे, आणि मी रबर बसवले आहे.

त्या मे महिन्यातल्या रात्री वीज परत आली ती अडीचला. एकेक पेटी हुंकार देत सुरू झाली, गॅलऱ्या रिकाम्या झाल्या, आणि मी खाली पाहत असताना फाटकाजवळचा रखवालदार मला दिसला. इमारतीच्या मागच्या अंगाला, जेथे बहुतेक पेट्या टांगलेल्या आहेत, तेथेच त्याची खुर्ची असते, कारण पुढच्या बाजूला मोटारी लागतात. अंधाराच्या त्या पाऊण तासात तो खुर्चीत मान मागे टाकून छान झोपला होता. आता वरून गरम वारा आणि ठिबकणारे पाणी पुन्हा सुरू झाले, तसा तो उठला, खुर्ची हातभर सरकवली, आणि मिठाईच्या खोक्याचे झाकण विंझण्यासारखे हलवीत जागा बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींना विचारले, की त्याने कधी आवाजाची तक्रार केली आहे काय. ते म्हणाले, "वही सभासदांसाठी आहे."